देवाची भिंत

मिस्त्री शनिवारी संध्याकाळी जमिनीवर विटेच्या तुकड्याने चार-पाच रेघा मारून गेला, तेव्हापासून त्या रेघांवर पाय द्यायची कोणाची छाती होत नव्हती. राऊळांच्या घरात नवं काही आलं की आधी त्याला भ्यायचं आणि मग त्याच्यावरून भांडायचं, ही जुनी रीत. रविवारी सकाळी शेवंती चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली तीसुद्धा रेघा चुकवत, एका हाताने निऱ्या धरून आणि दुसऱ्या हाताने थाळा सावरत. तिचा उजवा गुडघा दुखत होता, पण तो दुखतो हे घरात सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्याच्याकडे आता कोणी बघत नसे.

मिस्त्रीने थोरल्या राजारामला बजावलं होतं की पावसाच्या आत एकच काम पुरं होईल. स्वयंपाकाचा ओटा, नाहीतर धाकट्यासाठी पार्टिशन, नाहीतर सगळीकडे लादी, नाहीतर मागच्या बाजूला संडास. सगळं एकदम फोडलंत तर जूनमध्ये छत्र्या उघडून जेवायला बसाल. आधी घरात काय ते ठरवा, मी सोमवारी सकाळी घण घेऊन येतो, असं म्हणून तो टेकडी उतरून गेला होता.

घरात ठरवा म्हणणं सोपं असतं. घाटकोपरच्या त्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत सहा माणसं राहत होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं वेगळं घर बांधून तयार होतं. त्यात मुलुंडला दिलेली रत्नप्रभा सकाळीच येऊन बसली होती. माहेरी काही ठरणार आणि आपण तिथे नसणार, हे तिला कधीच सोसलं नव्हतं.

विषयाला तोंड फोडलं धाकट्या विद्याधरने. मार्गशीर्षात त्याचं शुभाशी लग्न होतं. नवी नवरी घरात येणार ती झोपणार कुठे, हा प्रश्न त्याने लाजत लाजत विचारला, पण विचारला चांगला ठणकावून. पार्टिशन आधी. त्यासाठी बाहेरच्या खोलीचा दाराकडचा कोपरा घ्यायचा, हेही त्याचं मिस्त्रीशी बोलून झालं होतं. त्यावर वनमाला, म्हणजे मोठी सून, म्हणाली की लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कोणी माझ्यासाठी भिंत घातली नव्हती, आणि तेव्हापासून मी उकिडवी बसून भाकऱ्या थापतेय, माझा ओटा आधी. राजाराम टेलिफोन खात्यात होता आणि खात्यातली माणसं कधीमधी घरी यायची, म्हणून त्याला लादी हवी होती. रत्नप्रभाने संडास, संडास असं दोनदा म्हटलं. तिच्या सासरी तो घरात होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला थोडा मुलुंडचा वास येत होता आणि म्हणूनच विद्याधरने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शेवंतीचा नवरा धोंडू दाराजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. गिरणीचा संप कधी संपलाच नाही, तेव्हापासून ही खुर्ची आणि हा पेपर हीच त्याची पाळी झाली होती. सकाळची पाळी तो दारातल्या उजेडात करी आणि दुपारची त्याच खुर्चीत डुलकी काढून. मिस्त्रीने पार्टिशनची रेघ मारताना त्याला खुर्ची उचलायला सांगितली होती. त्याने ती उचलली, रेघ मारून होऊ दिली आणि खुर्ची पुन्हा बरोबर त्या रेघेवर ठेवली. आता पोरं त्याला विचारत होती आणि तो पेपरमधून मान वर न काढता सांगत होता, "तुमी ठरवा."

वनमाला ओट्यासाठी भांडायला बसली होती हे खरं. तिने रात्रीच मनाशी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पण सासू खाली बसताना आधी भिंतीला, मग स्टुलाला, मग जमिनीला हात टेकत बसली, ते तिने पाहिलं आणि तिची उत्तरं घशातच राहिली. शिमग्यात एका पहाटे तिने दार उघडलं होतं तेव्हा शेवंती चिखलाने भरलेली उभी होती, कोपर सोललेलं आणि हातातला पत्र्याचा डबा चेपलेला. चाळीचे संडास टेकडीच्या पायथ्याशी आणि तिथे जायच्या पायऱ्या अशा की दिवसासुद्धा देवाचं नाव घेऊन उतराव्यात. शेवंती अंधारातच जायची, गर्दी व्हायच्या आधी, आणि दिवसभर पाणी कमी प्यायची, म्हणजे पुन्हा जावं लागू नये. त्या पहाटे तिने सुनेला शकुच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती की हे कोणाला सांगायचं नाही. पोटच्या पोरीची शपथ, म्हणून वनमालाने इतके दिवस तोंड शिवून ठेवलं होतं.

"आई शिमग्यात पडल्या," ती आता म्हणाली. "संडासच्या पायऱ्यांवरून. चार पायऱ्या गडगडत गेल्या. उठवायला कोणी नव्हतं, तर तशाच बसून राहिल्या. मी शपथ मोडली, आता काय व्हायचं ते होऊ दे."

विद्याधरच्या हातातली बशी कलंडून चहा विटेच्या रेघेवर सांडला. राजारामने आईकडे पाहिलं आणि त्याला एकदम आठवलं की शिमग्यात तिच्या कोपराला हळद लावलेली होती आणि आपण विचारलं तेव्हा ती विळीवर लागलं म्हणाली होती. कोपराला विळी कशी लागेल, हे तेव्हा त्याला सुचलंसुद्धा नव्हतं. धोंडूने पेपर खाली केला. त्याच्या बायकोला पडून महिना होऊन गेला होता आणि त्या सबंध महिन्यात तो तिच्यापासून हाताच्या अंतरावर झोपला होता.

"सांगा नको म्हटला होता मा तुका?" शेवंती सुनेवर चिडली. पडल्यापेक्षा कळल्याची तिला जास्त लाज वाटत होती. "आता बसतले सगळे माझ्या तोंडाकडे बघीत."

पण वनमालाच्या त्या बोलण्याने सगळा निकाल लागला. विद्याधर उठला आणि पार्टिशनची रेघ पायाने पुसायला लागला. पुसता पुसता त्याने जाहीर केलं की शुभाला पडदा चालेल, ती समजूतदार आहे. शुभाला अर्थात कोणी विचारलं नव्हतं. वनमालाचा ओटा तिने स्वतःच सोडला होता. राजारामने लादीचं नावही काढलं नाही. आधी संडास, मग बाकी सगळं. राऊळांच्या घरात कुठलीही गोष्ट इतक्या लवकर ठरलेली कोणाला आठवत नव्हती.

मग राजाराम हळूच म्हणाला, "पण ती भिंत."

त्याबरोबर सगळ्यांच्या नजरा आतल्या खोलीकडे गेल्या. या थंडीत महापालिकेने चाळीच्या मागच्या गल्लीतून गटाराची लाइन टाकली होती. संडास काढायचा तर त्याच बाजूला, मागची भिंत फोडून. आणि त्या भिंतीवर देव होते. देव्हारा काही मोठा नव्हता, एक फळी, तीन टाक, एक नारळ आणि समई. पण धोंडूच्या बापाने ते आंबेखोलहून, मूळ घरातून, डोक्यावर आणून तिथे बसवले होते, आणि राऊळांच्या घराण्यात एकदा बसवलेला देव दुसऱ्या भिंतीवर नेत नाहीत. हलवायचाच तर मूळ घरी परत नेतात. घराण्यात पूर्वी कोणीतरी देव इकडचा तिकडे केला होता आणि त्याचा वंश बुडाला, ही गोष्ट धोंडूने पोरांना लहानपणी इतक्या वेळा सांगितली होती की वंश बुडणे म्हणजे काय हे कळायच्या आधी त्यांना त्याची भीती वाटायला लागली होती. चाळीतल्या बऱ्याच जणांनी होळीच्या आत संडास बांधले आणि राऊळांनी नाही, त्याचं खरं कारण हेच होतं. ते कोणी उघड बोलत नसे.

त्यामुळे आता बाबा भडकणार, या तयारीने सगळे सावरून बसले. रत्नप्रभाने तर पदर खोचून घेतला.

धोंडू शांतपणे म्हणाला, "करा. मी गाऱ्हाणा घालतंय देवाक. नारळ आणा."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. इतकं सोपं होतं तर इतके दिवस आपण घाबरलो कशाला, असं विद्याधरला वाटलं आणि त्याने उडी मारून चपला घातल्या, नारळ आणायला. रत्नप्रभा बापाच्या पाया पडली. वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त राजाराम जागचा हलला नाही, आणि आपला नवरा जमिनीकडे का बघतोय हे वनमालाच्या ध्यानात आलं, पण आनंदाच्या गडबडीत तिने त्याचा पाठपुरावा केला नाही.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून जे काय असेल ते देवाला मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकाचं सांगणं, सगळ्यांचा होकार. मग नारळ फोडला की झालं ते बोलणं पक्कं, त्यातून माघार नाही. पण लहानपणापासून ऐकून ऐकून माणसाचं तोंड आपोआप चालायला लागतं. पुढचा "रे म्हाराजा" म्हणून सूर ओढतो आणि मागचे "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे होतात. मधे तो काय बोलला, याकडे कितीजणांचं लक्ष असतं ते देवालाच माहीत.

सगळे आतल्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. शेवंती मोरीच्या कठड्याला टेकली. धोंडूने नारळ फळीसमोर पाटावर ठेवला, वर कुंकू लावलं, हात जोडले, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. खुर्चीतला माणूस बोलायला लागला की वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचा. हा आवाज गिरणीच्या खात्यात यंत्रांच्या वर ऐकू जाणाऱ्या माणसाचा होता.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी, कुळाच्या मूळपुरुषा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या घाटकोपरच्या जाग्यार तुझी सगळी लेकरा एकवटली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या ह्या भितीक घण लागतलो. मिस्त्रीच्या हाताक येस दी, कोणाक इजा होवची नाय असा कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी जागा हयसून उठता. तुका मी मूळ घराक परत न्हेतंय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी सेवा करूक मी आणि माझी घरकारीण तुझ्यावांगडा थयच रवतलंव. ह्या घरातसून आमचो पाय आजपासून सुटलो, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. विद्याधर सगळ्यात मोठ्याने म्हणाला. शेवंतीनेही म्हटलं, डोळे मिटून, मनापासून.

मग तिने डोळे उघडले.

शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. विद्याधरचं तोंड अजून उघडंच होतं. रत्नप्रभाने बोट ओठावर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. वनमालाला वाटलं की आपण चुकीचं ऐकलं असेल, म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने नजर चुकवली तेव्हा तिला कळलं की आपण बरोबर ऐकलंय. या एका क्षणात तिला लग्नापासूनचा राजाराम पुन्हा एकदा पहिल्यापासून बघावासा वाटला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

राजारामला माहीत होतं. गेल्या रविवारी दुधाच्या केंद्रावर रांगेत उभं असताना बापाने त्याला सांगितलं होतं की संडास झालाच पाहिजे, देव हलवता येत नाही, तेव्हा मीच देव घेऊन गावी जातो, म्हणजे तुमची भिंत मोकळी. राजारामने विचारलं होतं, आईचं काय? तर बाप म्हणाला, तिचा काय, ती येतली. राजारामने त्याचा अर्थ घेतला की आईशी बोलणं झालंय. निदान तसा अर्थ घेणं त्याला सोयीचं वाटलं. दोन माणसं कमी झाली तर पार्टिशनही होईल, ओटाही होईल, असा हिशेब त्या रांगेतच त्याच्या मनात येऊन गेला होता आणि आता तो आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

मग एकच कालवा झाला. विद्याधर भावावर धावला, की आई-बापाला घालवून तुला लादी बसवायची होती का. रत्नप्रभाने आधी राजारामला धुऊन काढलं, मग बापाकडे वळून रडत रडत म्हणाली की गावी कशाला, मुलुंडला चला माझ्याकडे, आणि हे बोलताना सासूला काय सांगायचं या विचाराने तिचा आवाज थोडा खाली आला. वनमाला म्हणाली, आई गेल्या तर मी शाळेत शिकवायला जाणार कशी, शकुला कोण बघणार. बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण सासूसाठी भांडायला उठून ती स्वतःसाठीच भांडली होती. काही वेळाने भावंडांत अशीही भाषा सुरू झाली की सहा महिने गावी आणि सहा महिने इकडे ठेवलं तर काय हरकत आहे. ठेवलं, हा शब्द दोघातिघांनी वापरला.

शेवंती ऐकत होती. संडास तिच्यासाठी बांधायचा म्हणून भिंत फोडायची, भिंत फोडायची म्हणून देव न्यायचा, देव न्यायचा म्हणून ती जाणार. म्हणजे संडास होणार आणि तो वापरायला ती नसणार. आंबेखोलला ती पुन्हा डबा घेऊन चढण चढणार, दिराच्या घरात, जावेच्या चुलीशी, पडवीतल्या एका कोपऱ्यात. लग्न झाल्यावर तिने तिथे सासूच्या हाताखाली पुष्कळ वर्षं काढली होती, नवरा मुंबईला आणि ती तिकडे. मग एके दिवशी धोंडूने निरोप पाठवला की मुंबईला ये आणि ती आली. तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं. इथे खडक होता, तो फोडून सपाट करताना तिने पाट्या वाहिल्या, आणि ज्या भिंतीवरून आज हे चाललं होतं तिच्यावर पहिला गिलावा तिच्याच हाताचा होता. गावी परत जायचं ती कधी नाकारेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि खरं तर तिच्याही नाही. म्हणून तर ती इतकी हादरली. आपल्याला जायचं नाहीये, हे तिला आत्ताच कळत होतं, आणि व्हय म्हाराजा म्हणून झालेलं होतं.

धोंडू कोयता घ्यायला वळला. तेवढ्यात तिने मोरीचा कठडा सोडला, वाकली, पाटावरचा नारळ उचलला आणि पदरात घेऊन खाली बसली. गुडघा कडकन वाजला. तो सगळ्यांनी ऐकला.

"नारळ दी," धोंडू म्हणाला.

"देवचंय नाय."

चाळीस वर्षांच्या संसारात हे उत्तर त्याने ऐकलं नव्हतं. पोरांनीही नव्हतं. देवाचा नारळ बाईमाणसाने असा मांडीवर घेऊन बसायचं, हे तर कुठेच कोणी पाहिलं नव्हतं. धोंडू कोयता हातात धरून तसाच उभा राहिला.

"गाऱ्हाणा घालून झाला, शेवंती. तू व्हय म्हाराजा म्हणालंस."

"म्हणालंय. तोंडाक सवय लागली तुमच्या मागना म्हणूची," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "पण नारळ फुटल्याबिगर गाऱ्हाणा पोचत नाय, ह्या तुमीच सांगितल्यात. देवाक सांगूच्या आधी माका एकदा इचारूक व्हया होता. देव खय पळान जाय होतो?"

धोंडूला खरंच धक्का बसला होता. आपण मोठं काहीतरी करतोय, या समजात तो आठवडाभर जगत होता. बायकोला संडास मिळावा, पोरांना जागा मिळावी, देवाचाही मान राहावा, आणि आपण कोणाच्या वाटेत नसावं. यात कोणाचं नुकसान होईल हे त्याला दिसलंच नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि कोयता बाजूला ठेवला.

"मी काय करू हय?" तो म्हणाला. आवाज पुन्हा खुर्चीतल्या माणसाचा झाला होता. "गिरण गेली. पोरा कमवतत, पोरा घर बांधतत. त्या मिस्त्रीन् रेघ मारल्यान ती माझ्या खुर्चेखालसून. कोणाक वायट वाटला नाय. माका पण नाय वाटला, खरा सांगतंय. पण मगे बसान इचार केलंय, ह्या घरात माझी जागा केवडी? खुर्चेएवडी. देवाची फळयेएवडी. दोनय जागे अडचणीचेच."

विद्याधरने पायाने पुसलेली रेघ बाहेर अजून अर्धी तशीच होती, आणि ती आपण कशाच्या खालून काढायला लावली होती हे त्याला आता समजलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राजाराम बापाजवळ जाऊन बसला, पण त्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

शेवंतीला मात्र नवऱ्याची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. एवढं मनात होतं तर रात्री अंथरुणावर सांगता आलं नसतं का? मग तिच्या लक्षात आलं की आपणही पडलो ते कुठे सांगितलं. दोघं एकमेकांना त्रास नको म्हणून इतकी गप्प राहिली होती की एक पायऱ्यांवरून गडगडली आणि दुसरा घर सोडून निघाला. याला काय म्हणावं?

तिने वनमालाचा हात धरला आणि उठली. नारळ पाटावर ठेवला. डोक्यावर पदर घेतला आणि देवासमोर हात जोडले.

"आये, तू काय करतंस?" रत्नप्रभा घाबरून म्हणाली. लहानपणीची बोली तिच्या तोंडात एकदम परत आली.

"बा देवा म्हाराजा," शेवंती म्हणाली. "मी शेवंती. धोंडूची घरकारीण. गाऱ्हाणा घालूची माका सवय नाय, काय चुकला तर पोटात घाल, रे म्हाराजा."

कोणी काही म्हणालं नाही. बाईने गाऱ्हाणं घातलं तर त्याला व्हय म्हणायचं असतं की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शेवंती थांबून राहिली. त्या गप्पपणात ती एकटीच देवासमोर उभी होती आणि आता हे असंच संपणार, असं तिला वाटायला लागलं.

"व्हय म्हाराजा," वनमाला म्हणाली.

"ह्या भितीक गिलावो मी केलंय, तू बगलंस. आता मीच तुका हयसून उठवतंय. मूळ घराक न्हेवचंय नाय, ह्याच घरात ठेवतलंय. ह्याचो दोष लागात तो माका लागानदी, माझ्या पोरांबाळांका लागाक नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता रत्नप्रभाही होती, आणि भिंतीकडे तोंड केलेला विद्याधर.

"भायल्या खोलयेत, दाराकडच्या कोपऱ्यात तुझी फळी बसयतलंय. चपला उद्यापासून उंबऱ्याभायर. तुझ्या फळयेखाली खुर्ची रवतली. ती रेघेर असली तरी कोणी हलवूची नाय, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" राजाराम सगळ्यांच्या आधी म्हणाला.

"तुझी सेवा करूक हे आसत. सकाळ-संध्याकाळ दिवो हेच लावतले. हे खय जावचे नाय, हयच रवतले, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळचा आवाज मोठा होता, आणि त्यात एक आवाज जास्तीचा होता. सगळ्यांनी माना वळवल्या. धोंडू जमिनीवर बसल्या बसल्या हात जोडून होता आणि त्याचं तोंड अजून उघडं होतं. बाप गेल्यापासून या घरात गाऱ्हाणं घालणारा तोच, त्यामुळे मागे बसून व्हय म्हणायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. लहानपणी बापाच्या पाठीमागे उभं राहून म्हटलेलं ते आज सूर ऐकल्याबरोबर आपोआप बाहेर पडलं. कशाला व्हय म्हणालो, हे त्याला एका क्षणाने उशिरा कळलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शेवंतीने त्याला सावरायला वेळ दिलाच नाही. कोयता उचलला, उलटा धरला आणि एका घावात नारळ फोडला. पाणी पाटावरून जमिनीवर वाहत गेलं आणि मिस्त्रीच्या रेघेला जाऊन मिळालं.

विद्याधरला हसू आलं, ते दाबताना त्याला ठसका लागला, आणि मग रत्नप्रभा रडत होती की हसत होती ते कोणाला समजेना. धोंडू फुटलेल्या नारळाकडे बघत राहिला. शेवटी तो म्हणाला, "देवाक सांगूच्या आधी माका एकदा इचारूक नको?"

शेवंती खोबरं काढत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला.